सम्या, मागं!

"ताई, तुमचं हात लई गार हाईत," समरजित म्हणाला.

माझे हात गार नव्हते. नुकत्याच दोन खेळाडूंच्या पोटऱ्या चोळून दिल्या होत्या आणि तळवे चांगले तापले होते. गार होता तो त्याचा डावा गुडघा. उजव्यावर हात ठेवला, तो उबदार लागला. पुन्हा डाव्यावर ठेवला, तर हिवाळ्यात फरशीला हात लागावा तसं वाटलं.

"खिडकी लावते," मी म्हणाले आणि वळले. खिडकी बंदच होती.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सॉल्टरबी नावाचं लहानसं गाव आहे, तिथली ही गोष्ट. तिथला क्लब व्यावसायिक फुटबॉलच्या चौथ्या, म्हणजे अगदी तळाच्या लीगमध्ये खेळायचा, आणि त्या लीगमध्येही तळालाच होता. मी त्यांची फिजिओथेरपिस्ट. मी कोल्हापूरची. वडील एका तालमीच्या संघाचे गोलकीपर, त्यामुळं लहानपण शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर चुरमुरे खात गेलं. शिकायला इंग्लंडला आले आणि शिक्षण संपल्यावर ही नोकरी लागली. पहिल्याच दिवशी एका खेळाडूनं माझं नाव विचारलं. शुभदा घाटगे, असं सांगितल्यावर त्यानं बुटाची नाडी बांधता बांधता मान वर केली आणि चक्क मराठीत विचारलं, "कंच्या घाटगे? कागलच्या काय?"

तो समरजित इंगवले. सहा वर्षांचा असताना आईबरोबर लेस्टरला आलेला. आई नर्स होती. इंग्रजीत तो पक्का लेस्टरकर होता, पण त्याचं मराठी सहाव्या वर्षीच थांबलेलं, मंगळवार पेठेतल्या पोराचं. मी त्याच्याहून लहान, तरी तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचे. तिशी उलटलेली होती त्याची. एका मोठ्या क्लबच्या अकादमीत वाढला. अठराव्या वर्षी त्यांनी अंगानं कमी आहेस असं सांगून त्याला सोडला. तिथून पुढं तो खालच्या लीगमधून फिरतच राहिला. कुठं दोन मोसम, कुठं अर्धा, कुठं नुसता लोनवर, म्हणजे उसना. सकाळी सराव, दुपारी भाड्याच्या खोलीत झोप, शनिवारी सामना. परगावी जायचं तर बसमध्ये अर्धा दिवस, आणि हरून परत येताना पुठ्ठ्याच्या डब्यातला गारढोण पास्ता. टीव्हीवर तो कुणाला कधी दिसला नाही. पण ज्या ज्या गावात खेळला, तिथली माणसं त्याला रस्त्यात थांबवून "सॅम" म्हणून हात मिळवायची. दुसरं काही त्याला करता येत नव्हतं, आणि करायचंही नव्हतं.

तो उजव्या पायाचा खेळाडू. डावा पाय देवानं निव्वळ उभं राहायला दिलाय, असं तोच हसून म्हणायचा. त्याच डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. एकदा ऑपरेशन झालं, आणि त्या वर्षी पावसाळी मैदानावर पुन्हा तुटलं. नडगी धरून पुढं ओढली की ती टेबलाच्या खणासारखी सरकून यायची.

"समरजित, हा पाय उद्या मैदानावर न्यायचा नाही," मी म्हणाले.

"हॅलमनं सांगितलंय, आखरीची वीस मिनिटं."

"मी हॅलमशी बोलते."

"बोला की. पर मी तयार हाय असंच सांगणार."

हॅलम आमचा मॅनेजर. थोराड, तांबड्या चेहऱ्याचा माणूस. त्याचे दोन फॉरवर्ड दुखापतीनं घरी बसले होते. मी त्याला स्पष्ट सांगितलं, हा गुडघा वळताना धरणार नाही. त्यानं ऐकून घेतलं, समरजितला बोलावून विचारलं, आणि समरजितनं जे सांगायचं तेच सांगितलं. माझं काम सल्ला द्यायचं. ठरवायचं काम त्या दोघांचं.

दुसऱ्या दिवशी तो उतरला. पहिली काही मिनिटं त्याची चाल बघवत नव्हती. डावा पाय टेकताना त्याचा खांदा खाली जायचा. मी पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या कडेला बसले होते, कधीही धावावं लागेल म्हणून. नोव्हेंबरचे दिवस, चार वाजताच अंधारून आलं होतं, दिवे लागले होते. पलीकडच्या बाजूला चेंडू त्याच्याकडं आला आणि कुणीतरी ओरडलं:

"सम्या, मागं!"

मी उभी राहिले. त्या मैदानावर दोन हजार माणसं असतील. त्या शब्दांचा अर्थ कळणारी दोनच.

समरजित धावायला लागला. लंगडणं नाही, काही नाही. डाव्या पायावर गर्रकन वळला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि डाव्याच पायानं असा फटका मारला की गोलकीपरनं हातसुद्धा उचलला नाही.

बाकावर सगळे एकमेकांच्या अंगावर पडून ओरडत होते. हॅलम मात्र माझ्याकडं झुकला.

"सॅम काय ओरडला?"

"मागं. म्हणजे, बिहाइंड."

"कुणाला? चेंडू तर त्याच्याकडंच होता."

"सम्या, असं म्हणाला."

"सम्या कोण?"

"तो स्वतःच," मी म्हणाले.

तेवढ्यात त्याला कुणीतरी मिठी मारली आणि तो विषय तिथंच राहिला.

सामना संपल्यावर समरजित माझ्या टेबलावर येऊन पडला. गुडघा टरारून सुजला होता. सुजलेला गुडघा तापतो, हात लावला की चटका बसतो. हा गार होता, नदीतून काढलेल्या दगडासारखा.

"दुखतंय?"

"न्हाई."

"इथं दाबल्यावर?"

"कायबी न्हाई वाटत. ताई, गोल कसा झाला?"

"म्हणजे?"

"मला चेंडू आल्यालं ठावं हाय. मग समदी गळ्यात पडल्यालं ठावं हाय."

मी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं, डोकं कुठं आपटलं का विचारलं. आपटलं नव्हतं. बर्फ लावायला गेले, मग तो तसाच परत ठेवला. गार पायाला बर्फ काय लावायचा.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. समोरच्या संघाचा राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, भुवई फुटलेली, पट्टी मागायला आला होता. त्यांचा फिजिओ दुसऱ्या कुणात अडकला होता. मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून पट्टी लावली. जाता जाता तो म्हणाला, "तुमच्या त्या अकरा नंबरबरोबर दुसरा कोण धावत होता?"

"कुणीच नाही. तो एकटाच होता त्या बाजूला."

"नाही, दुसरा एक होता. मी दोनदा त्याच्यावर गेलो आणि तुमचा सॅम सुटला." तो भुवई चाचपत हसला. "मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या मी. म्हणाला, हवेला काय अडवतोस?"

तिथून पुढं हे नेहमीचं झालं. सोमवारी समरजितला जिना चढता यायचा नाही, कठडा धरून एकेक पायरी चढायचा. मंगळवारी तो व्यायामाच्या सायकलवर बसला की मला बघवायचं नाही. आणि शनिवारी अर्धा तास उरला की हॅलम त्याला उठवायचा, पलीकडच्या बाजूनं ती हाक यायची, आणि तो पंधरा वर्षांच्या पोरासारखा धावायचा. नेहमी डाव्या बाजूनं, डाव्या पायानं. क्लब तळापासून दोन जागा वर सरकला. प्रेक्षकांनी त्याच्यावर गाणं केलं. हॅलम माझ्याशी डोळे मिळवायचं टाळायला लागला.

स्कॅन आला तेव्हा मी समरजितला समोर बसवून पडद्यावर दाखवलं. "ही गादी. ही इथून फाटलीय. हे हाड उघडं पडलंय, आणि प्रत्येक सामन्यात ते दुसऱ्या हाडावर घासतंय. तुला दुखत नाही, पण पाय संपत चाललाय, समरजित. चाळिशीला काठी घ्यावी लागेल."

"या मोसमापुरतं, ताई."

"एक विचारू? तुला सम्या कोण म्हणायचं?"

तो पडद्याकडंच बघत राहिला. "दिगू," म्हणाला.

"दिगू कोण?"

"थोरला भाऊ. दिग्विजय. गेला त्यो." तो उठला, भिंतीला धरून उभा राहिला. "का विचारताय?"

मैदानावर तो काय ओरडतो ते मी त्याला सांगितलं.

"मी तोंड उघडत न्हाई पळताना," तो म्हणाला. "दम जातो."

त्यानं ते आईला फोनवर सांगितलं असावं. कारण पुढच्या शनिवारी त्याची आई मैदानावर आली. मुलाचे सामने बघायला ती कधीच यायची नाही, हे क्लबात सगळ्यांना माहीत होतं. सुलोचना इंगवले. बुटकी, ताठ बाई. साडीवर जाड कोट, कपाळाला टिकली, पायात नर्सांचे असतात तसले पांढरे बूट. ती खालच्या रांगेत, पलीकडच्या बाजूला एकटी बसली. मध्यंतर झालं तरी तिनं चहा घेतला नाही. समरजित उतरला, ती हाक आली, आणि मी मैदानाऐवजी तिच्याकडं बघितलं. ती उठून उभी राहिली होती. दोन्ही हात पुढं, जणू कुणी तिच्या हातात काही देणार होतं.

गोल झाला तेव्हा तिच्या आजूबाजूचे सगळे उड्या मारत होते. ती मात्र डोळे मिटून उभी होती.

त्यानंतर तिनं घरचा एकही सामना चुकवला नाही. मुलाचं लंगडणं तिला दिसत नव्हतं असं नाही. नर्स होती ती, जन्मभर माणसांच्या चालीच बघितल्या होत्या तिनं. पण सामना संपल्यावर त्याला विचारायची ते एवढंच: "फुडल्या शनिवारी हाईस न्हवं?"

मार्चच्या सुरुवातीला मी तिला गाठलं. सामन्याआधी ती बंदरावरच्या एका चहाच्या दुकानात बसायची. बाहेर समुद्रावरून धुकं यायला लागलं होतं. तिथं ते असंच येतं, भिंत सरकत यावी तसं. मी तिच्यासमोर बसले.

"काकू, मी शुभदा. समरजितचा पाय मी बघते."

"ठावं हाय की. बस बाळ. चहा घे."

"काकू, त्याचा पाय वाचायचा नाही असंच चाललं तर. माझं ऐकत नाही तो. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

तिनं चहाचा एक घोट घेतला.

"तू ऐकतीस न्हवं तिथं? बाकावर बसून?"

मला खोटं बोलता आलं नाही. "ऐकते."

"कुणाचा आवाज वाटतो तुला?"

"समरजितचा नाही," मी म्हणाले. ते मी तोपर्यंत स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

"न्हाई. त्याचा घोगरा हाय, माज्यासारखा. ह्यो दिगूचा." ती मंदपणे बोलत होती, वॉर्डात रोग्याजवळ बोलतात तशी. "वीस वर्सांचा हुता. दोघं एका संघात खेळायची, रविवारच्या लीगमदी. सम्या फुडं, दिगू डावीकडं. चेंडू सम्याकडं गेला की दिगू मागनं पळत यायचा आन् वरडायचा, सम्या, मागं. म्हंजे मी मागं हाय, मला दे. त्या दिवशीबी वरडला. सम्यानं दिला न्हाई. सोताच मारला, गोल केला, हात वर करून वळला तर दिगू खाली पडल्याला. काळीज बंद पडलं, डाक्टर म्हणाला. जन्मापास्नंच कायतरी हुतं म्हणं त्यात."

"तुम्ही होता तिथं?"

"मी ड्युटीवर. माज्याच दवाखान्यात आणला त्याला. मी त्याचं तोंड बघितलं, हातपाय बघितलं. बोललं न्हाई लेकरू." तिनं कप बशीत ठेवला. "फोटू पुष्कळ हाईत. आवाजाची एक कॅसेट हुती ल्हानपणची, गाणं म्हणल्याली. घर बदलताना कुटं गेली कळ्ळं न्हाई. किती वर्सं मी त्यो आवाज आठवायला बसायची, यायचाच न्हाई. आन् आता दर पंदरा दिवसाला ऐकतीय. आन् तू सांगतीस, बंद कर."

बाहेर भोंगा वाजला. धुकं काचेपर्यंत आलं होतं.

"काकू," मी म्हणाले, "तो आवाज ज्या पायावर येतो, तो पाय धाकट्याचा आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. मग तिनं पर्स उघडली, बंद केली, आणि म्हणाली, "जा पोरी. तुजा सामना हाय."

त्या दिवशी सामना सुरू व्हायलाच नको होता. पण पंच मैदानाच्या मधोमध उभा राहिला, त्याला दोन्ही गोल दिसले, आणि त्यानं शिट्टी वाजवली. मध्यंतरानंतर मला पलीकडची बाजू दिसेनाशी झाली. दिव्यांचे नुसते पांढरे गोळे लोंबकळत होते. खेळाडू धुक्यातून यायचे, समोरून जायचे आणि परत विरायचे. प्रेक्षकही गप्प होते, कारण काय चाललंय तेच कळत नव्हतं. चेंडूला पाय लागल्याचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागून दिसायचा.

हॅलमनं समरजितला उतरवलं. तो बाकासमोरच्या बाजूला आला, माझ्यापासून चार पावलांवर. चेंडू लांब कुठंतरी होता. समरजित गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभा होता, दम घेत. त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. ओठ मिटलेले होते.

"सम्या, मागं!"

हाक पलीकडून आली. धुक्याच्या आतून, सबंध मैदान ओलांडून. तरण्या पोराचा मोकळा आवाज, जरा हसरा.

समरजितनं सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई," तो म्हणाला, "तुमी ऐकलं?"

मी मान डोलावली.

"दिगूच हाय त्यो," तो पुटपुटला, आणि धावत सुटला, त्या हाकेच्या दिशेनं. धुक्यानं त्याला गिळलं.

मग नुसते आवाज. कुणाचा तरी पाय घसरला. कुणी इंग्रजीत शिवी घातली. चेंडूवर पाय पडला, परत पडला, लयीत, हलका. दोन माणसं एकमेकांना चेंडू देत घेत येत असावीत तसा. हॅलम बाकावरून उठून रेषेपर्यंत गेला. "कोण आहे त्याच्याबरोबर?" तो विचारत होता. "आपला कोण आहे तिकडं?" आपला तिकडं कुणीच नव्हता. बाकीचे सगळे या बाजूला मागं राहिले होते.

गोलच्या समोर धुकं जरा पातळ होतं. तिथं समरजित बाहेर आला. चेंडू पायात, समोर एकटा गोलकीपर. नुसता पाय लावायचा होता. तो थांबला. आणि मागं न बघता त्यानं टाचेनं चेंडू मागं सोडला.

मागं कुणी नव्हतं. त्यांचा एक बचावपटू तेवढा धावत येत होता. चेंडू त्याच्याच वाटेवर होता, त्यानं तो घ्यायचा. पण तो एकदम बाजूला झाला, दारात कुणी आडवं आल्यावर आपण होतो तसा, आणि जागच्या जागी उभा राहिला. चेंडू त्याच्याजवळून धुक्यात गेला. पुढं त्याचा आवाज आला नाही.

सगळे थांबले होते. पंचाच्या तोंडात शिट्टी होती, पण त्यानं ती वाजवली नाही. समरजित पाठमोरा उभा होता. वळावं का नाही, हे त्याचं ठरत नव्हतं, एवढं मला लांबूनही कळलं.

तेव्हा सुलोचनाकाकूंचा आवाज आला. त्या खाली कठड्यापाशी आल्या असाव्यात. मला त्या दिसत नव्हत्या. ओरडणं नव्हतं ते. तिन्हीसांजेला पेठेत आया गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून खेळणाऱ्या पोरांना हाक मारतात, तशी लांबवलेली, रोजच्या सवयीची हाक होती.

"दिगूऽऽ! चल घरी. पुरं झालं खेळणं. अंधार पडला बघ."

जरा वेळ गेला.

"सम्याचा पाय दुखतोय, बाळा. सोड त्याला. चल."

समरजित किंचाळला. डावा पाय त्याच्याखालून निघून गेल्यासारखा तो कोसळला आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून लोळायला लागला. मी पिशवी घेऊन धावले. चिखलात गुडघे टेकले आणि त्याच्या पायावर हात ठेवला.

पाय तापलेला होता. भाजत होता.

"ताई, दुखतंय," तो दातावर दात दाबून म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ताई, लई दुखतंय वो."

"दुखू दे," मी म्हणाले. "दुखू दे. चांगलं आहे ते."

पंचानं धुक्याचं कारण सांगून सामना थांबवला. तो नंतर कधीतरी पुन्हा खेळवला गेला आणि आम्ही हरलो. समरजित परत कधी व्यावसायिक सामना खेळला नाही. दोन ऑपरेशनं झाली. तो जरासा लंगडतो, पण काठी नाही. आता लग्न झालंय, आणि लेस्टरच्या एका शाळेत मुलींच्या संघाला शिकवतो. मुलींनी एकमेकींना चेंडू दिला नाही तर फार चिडतो, असं मला त्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं.

त्या संध्याकाळी मी त्याला पट्टी बांधली, कुबड्या दिल्या. हॅलम दारात आला, समरजितच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. आई त्याला घरी लेस्टरला घेऊन जाणार होती. मी गाडीपर्यंत पोचवायला गेले.

धुकं तसंच होतं. बाकीच्या गाड्या गेल्या होत्या. काकूंनी पुढचं दार उघडलं, आम्ही दोघींनी मिळून समरजितला बसवलं, त्याचा पाय उचलून आत घेतला. त्यानं सीटला डोकं टेकून डोळे मिटले. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

"येतो आमी," त्या म्हणाल्या.

मग त्या गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या. मागचं दार त्यांनी सताड उघडलं आणि हातानं धरून उभ्या राहिल्या. गाडीतला लहान दिवा मागच्या रिकाम्या सीटवर पडला होता.

"पाय झटकून बस," त्या म्हणाल्या. "चिखल किती लागलाय."

जरा थांबल्या, आत वाकून बघितलं, आणि बोटं सापडणार नाहीत अशा बेतानं दार हळूच लावून घेतलं.